‘गेला’ आणि ‘सापडला’: एका घरातला ट्रायथलॉनचा हिशेब

म्हार्दोळहून आत वळल्यावर लागणाऱ्या एका वाड्यावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर टांगलेलं आहे. २०२४ च्या जुलैच्या पानावर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख, मुलाच्या डोसची खूण, असं सगळं आहे. शिवाय जवळजवळ प्रत्येक चौकटीत लाल पेनाने दोन वेळा लिहिलेल्या आहेत. रविवार २१ जुलैच्या चौकटीत आहे: गेला ४.३०, सापडला १.३०. त्याच दिवसासाठी माझ्या वहीत एकच नोंद होती: सायकल, ३ तास ३० मिनिटं. मधले साडेपाच तास कुठे गेले, त्याचं हे प्रकरण.

मी पणजीत हौशी मंडळींकडून ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं-सायकल-धावणं अशा तिहेरी शर्यतीची, तयारी करून घेतो. नोकरी-धंदा सांभाळून, पोरंबाळं सांभाळून करणारीच बहुतेक. या दोघा नवरा-बायकोंनी लिहायला हरकत घेतली नाही, फक्त नावं नकोत म्हणाले. म्हणून त्याला सुपरवायझर म्हणतो, कारण तो आहेच सुपरवायझर. आणि वहिनींना वहिनी, कारण मी त्यांना तेच म्हणतो.

माणूस, घर, पाळ्या

वय ४२. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शनवर. आठवड्याला पाळी बदलते: सहा ते दोन ही पहिली, मग दहा ते सहा रात्रपाळी, मग दोन ते दहा ही दुसरी. कायद्याप्रमाणे आठवड्याचे ४८ तास, सुट्टी रविवारी. आत जाताना कपडे बदलायचे, मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा. त्या आठ तासांत घरावर आभाळ कोसळलं तरी याला कळणार नाही. आणि गंमत अशी, की घरच्यांची त्याबद्दल कधीच तक्रार नव्हती. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

वहिनी उच्च माध्यमिक विद्यालयात अकाउंट्स शिकवतात. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. सुपरवायझरची आई घरात असते, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी थकलेली. तो लहानपणी सत्तरी तालुक्यात मामाच्या गावी म्हादई नदीत डुंबलेला असल्यामुळे पाण्याची भीती नाही, पण डोकं पाण्यात घालून सरळ पोहणं असं नाहीच. २०२२ च्या नोव्हेंबरात कंपनीतल्या एकाची शर्यत बघायला म्हणून मिरामारच्या किनाऱ्यावर गेला आणि येताना हा किडा डोक्यात घेऊन आला.

शर्यत म्हणजे आयर्नमॅन ७०.३. आकडा मैलांचा आहे, आपल्या हिशेबात ११३ किलोमीटर: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, पाठोपाठ, आणि सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. पोहायला ७० मिनिटं, त्यात बाहेर आला नाहीत तर घरी जा. गोव्यात ही पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली, मग कोविडची दोन वर्षं गेली, आणि २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. २०२४ ची तारीख होती २७ ऑक्टोबर.

ही तारीख गोव्यातल्या माणसाला किती अडचणीची आहे, ते बाहेरून येणाऱ्याला कळत नाही. तो विमानाने येतो, शर्यत करतो, फिश थाळी खातो, जातो. आमचा समुद्र जूनपासून बंद. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात आणि सप्टेंबरअखेरपर्यंत जीवरक्षक पाण्यात उतरू देत नाहीत, उतरू नयेच. म्हणजे घराजवळ समुद्र असून समुद्रातला सराव जेमतेम तीन-चार आठवडे. सराव जिथे ऐन भरात यायला हवा तिथे ७ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. आणि शर्यतीनंतर चौथ्या दिवशी दिवाळीचा नरकासुर जाळायचा. पुस्तकात जे चोवीस आठवड्यांचे तक्ते असतात त्यांना यातलं काही ठाऊक नसतं.

मी मात्र तसाच तक्ता दिला. १३ मे, सोमवार, पहिला आठवडा. आठवड्याला साडेआठ-नऊ तास. दोनदा पोहणं, दोनदा धावणं, एकदा घरात ट्रेनरवर, म्हणजे स्टँडला अडकवून जागच्या जागी, सायकल, रविवारी लांब सायकल, सोमवारी विश्रांती. बहुतेक सराव गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. तक्ता वाईट नव्हता. आजही मी तो कुणा सड्याफटिंगाला जसाच्या तसा देईन.

जुलै

दहा आठवडे माझ्या वहीत सगळं हिरवं. एक दिवस चुकवला नाही गड्याने. मी खूश. सकाळची विश्रांतीतली नाडी ५६ वरून ६१ वर गेली होती, ती मी उकाड्यावर ढकलली. ही माझी पहिली चूक. सकाळची नाडी आठवडाभर चढती राहिली की शरीर कसलं तरी कर्ज फेडत असतं, हे मी इतरांना शिकवतो.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात रात्रपाळी होती. मध्यरात्र उलटली की बॅच रेकॉर्डवर नवी तारीख लिहायची असते. याने तीन ठिकाणी आदल्या दिवसाची लिहिली. माल बिघडला नाही, कुणाला इजा नाही. पण औषधांच्या कारखान्यात कागद म्हणजेच माल. खोडाखोड चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खाली तपशील दिसला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख, आणि वर डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचा, फॉर्म. अठरा वर्षांत त्याचा हा पहिला फॉर्म. वरच्या साहेबाने ओरडण्याऐवजी विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" त्याने ते जास्त मनाला लावून घेतलं.

हे मला त्याने सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं. शनिवारी त्यांचा फोन आला. "सर, तुमचं नाव आमच्या घरात रोज निघतं. एकदा जेवायला या, म्हणजे पोरांना चेहरा तरी कळेल." अशा आमंत्रणाला नाही म्हणता येत नाही.

रविवार २८ जुलै. श्रावण आठवड्यावर आलेला, पण मासेमारीची बंदी अजून उठलेली नाही, तेव्हा सुक्या सुंगटांची किसमूर, तायकिळ्याची भाजी, उकड्या तांदळाचा भात. जेवण होईपर्यंत वहिनी विषयाला शिवल्याही नाहीत. हात धुवून झाल्यावर त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"हे ‘सापडला’ म्हणजे?"

"म्हणजे हाक मारली तर ओ देईल असा. घरात आला म्हणजे सापडला असं नव्हे. सायकल धूत असतो, नाहीतर फ्रिजपुढे उभा असतो, नाहीतर झोपलेला असतो."

आम्ही १५ ते २१ जुलैचा आठवडा जोडीने मांडला. पहिली पाळी होती. मंगळवारी माझ्या वहीत पोहणं एक तास. प्रत्यक्षात दोनला सुटल्यावर हा थेट पणजीला जाई, पाचच्या बॅचपर्यंत गाडीत झोप काढी, पोहे, आणि संध्याकाळच्या गर्दीतून जुने गोवे, बाणस्तारी, भोम करत पावणेसातला घरी. घर त्याची अडीचपासून वाट बघतंय. म्हणजे सव्वाचार तास. गुरुवारी पुन्हा तेच. बुधवारचं ५० मिनिटांचं धावणं पावणेदोन तासांचं. शुक्रवारचा ट्रेनरवरचा तास दीड तासाचा, वर त्या आवाजात आईंची मालिका बुडाली ती वेगळी. शनिवारचं ८० मिनिटांचं धावणं म्हणजे सव्वादोन तास. आणि रविवारचे नऊ. वहीत बेरीज ८ तास ४० मिनिटं. भिंतीवर बरोबर २३ तास.

सुपरवायझर बाजूला बसून सुपारी कातरत होता. अकाउंट्स शिकवणाऱ्या बाईशी लग्न केल्याची खंत चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

आकड्यापेक्षा मला दोन गोष्टी लागल्या. बुधवारी साडेपाचला वाड्यावरच्या देवळात महिला भजनी मंडळाचा सराव असतो आणि वहिनी तिथे पेटी वाजवतात. म्हणजे वाजवायच्या. जूनपासून गेल्याच नव्हत्या, कारण त्या वेळी घरात कुणीतरी मोठं माणूस हवं, आणि नेमकं त्याच वेळी मी त्यांच्या नवऱ्याला धावायला पाठवलं होतं. का? तक्त्यात बुधवारी संध्याकाळ रिकामी दिसली म्हणून.

दुसरी गोष्ट त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली. ४.३० ही वेळ त्या अंदाजाने लिहीत नसत. फाटकाचा आवाज झाला की त्यांची झोप जाई ती तो परत येईस्तोवर. पावसाळ्यातला काळोख, ओला रस्ता, खड्डे, ट्रक. त्या रस्त्यावर बाणस्तारीच्या पुलावर ऑगस्ट २०२३ मध्ये भरधाव गाडीने तिघांचा जीव घेतला होता. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या माणसांच्या डोक्यातून ते जात नाही. त्या त्याबद्दल एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. फक्त वेळ लिहीत होत्या.

मी विचारलं, "किती तास कमी करू?"

"तास कमी करा असं मी कुठे म्हणतेय? कंपनीत आठ तास असतो, मी कधी काही बोलते? कारण दहाला येणार म्हणजे दहाला येणार. तुमच्या सरावाचं तसं नाही. हा ‘आलोच’ म्हणतो आणि माझा दिवस लटकतो."

काय बदललं

आधी पोटाची गोष्ट, कारण सगळ्यात मोठी गळती तिथेच निघाली. साडेतीन तासांच्या सायकलीवर हा काय खात होता? एक केळं आणि साधं पाणी. "सवय व्हावी म्हणून" म्हणाला. इतका वेळ पेडल मारणाऱ्या शरीराला तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं तरी हवीत. ती न मिळाल्यामुळे तो घरी रिकामा होऊन यायचा, हाताला लागेल ते खायचा आणि आडवा व्हायचा. वहिनींच्या चौकटीतले ते बेपत्ता तास दमणुकीपेक्षा उपाशीपणाचे जास्त होते.

घामही मोजला. तासभर धावण्याआधी वजन ७४.२ किलो, नंतर अंग पुसून ७२.९, मध्ये ३०० मिली पाणी प्यायलेला. म्हणजे तासाला एक लिटर ६०० मिली घाम. आमच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. शरीर काही गार होत नाही आणि पाणी-मीठ मात्र जातं. मग ७५० मिलीच्या बाटलीत ४० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. बाटली तासाला एक, सोबत एक केळं. खिशात चार खजूर, जास्तीचे. महागडी पाकिटं मी शर्यतीच्या आधी एकदाच वापरून बघायला लावतो, पोटाला चालतात की नाही एवढ्यापुरती. दुसऱ्याच रविवारी हा साडेदहाला अंगणात मुलाशी क्रिकेट खेळत होता. वहिनींनी चौकटीत उद्गारचिन्ह काढलं आहे.

आठवडा पाळीप्रमाणे बांधला. तीन पाळ्यांचे तीन तक्ते. दुसरी पाळी असली की सकाळी मुलं शाळेत, वहिनी विद्यालयात, घरात त्याला शोधणारं कुणी नाही; तेव्हा पोहणं तीनदा, धावणंही सकाळीच. पहिल्या पाळीच्या आठवड्यात कामाच्या दिवशी पणजीचं नाव काढायचं नाही. फक्त शनिवारी दुपारी मुलीला घेऊन जायचं: ती मुलांच्या बॅचमध्ये, हा शेजारच्या लेनमध्ये. यावर वहिनी आधी म्हणाल्या, "म्हणजे सराव आणि बापपण एकाच तिकिटात!" टोमणा बरोबर होता, पण पोरीला तो प्रवास आवडला. येताना मेरशीच्या पुढे कुठेतरी थांबून भजी खायचे, ते घरी सांगायचे नाहीत.

तीनदा एका आठवड्यात आणि मग दोन आठवडे एकेकदाच, हे पोहण्याच्या शास्त्रात बसत नाही. पाण्याचा अंदाज पटकन जातो. म्हणून घरी खिडकीच्या गजाला रबरी पट्टे बांधून पंधरा मिनिटं हात मारायचे. आदर्श नाही, पण भिंतीवर त्याचा खर्च शून्य.

रविवारची सायकल उजाडल्यावर, सहाला. फोनवर लोकेशन चालू. साडेतीन तासांऐवजी तीन तास दहा मिनिटं. मधून मधून सायकल गाडीला लावून रायबंदरला न्यायची, फेरीबोटीने चोडणला जायचं आणि तिथल्या सपाट, शांत रस्त्यावर फेऱ्या मारायच्या.

आणि एक नियम वहिनींचा. शुक्रवारी रात्री जेवणाआधी पुढच्या आठवड्याच्या चौकटी भरायच्या. त्यानंतर काही उलटसुलट झालं, पाहुणे आले, पाळी बदलली, पोरगं तापलं, तर सराव जाईल. घरातलं काही सरकणार नाही. बुडालेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही. मला वाटलं होतं, अशाने निम्मा तक्ता वाहून जाईल. बारा आठवड्यांत नऊ सराव गेले, बस्स.

१९ ते २५ ऑगस्टचा आठवडा दुसऱ्या पाळीचा. वहीत ८ तास १० मिनिटं, भिंतीवर पावणेसहा. पहिल्यांदाच भिंतीवरचा आकडा वहीतल्यापेक्षा लहान. मी तो फोटो काढून ठेवला आणि दोन-चार जणांना दाखवून मिरवलोही.

मग महिन्याअखेर एकदा गेलो तर आई पडवीत वाती वळत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, आता बरं झालं ना, लेक घरात दिसतो." त्या म्हणाल्या, "सकाळी कोण असतं घरात? मी आणि मांजर. तिच्यासारखं मी लिहीत नाही, मनात मोजते."

घरात शोधणारं कुणी नाही, असं मी वर लिहिलंय. तो हिशेबच चुकला होता. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो आधी साडेआठ-नऊपर्यंत आईंबरोबर बसून चहा-पाव घ्यायचा, त्यांना देवळापर्यंत सोडायचा. ते आम्ही कुणी कुठल्याच चौकटीत धरलं नव्हतं आणि तीन पोहण्यांत ते बुडालं. गुरुवारचं पोहणं काढून टाकलं. घरात माणसं पाच, वही दोघांचीच होती.

चवथ

इथे मी हट्टाला पेटलो, ते कबूल करतो. ७ सप्टेंबर म्हणजे शर्यतीला सात आठवडे. ८ तारखेच्या रविवारी मी ९० किलोमीटर सायकल आणि लगेच वर अर्धा तास धावणं लिहिलं होतं. पूर्ण तयारीतला सगळ्यात मोठा दिवस. तो म्हणाला, मूळ घरी सत्तरीत पाच दिवस, सायकल नेणार नाही. मी म्हटलं, पहाटे उठून जा ना, आरतीपर्यंत येशील. पलीकडून काही बोलणं नाही. मग म्हणाला, "सर, माटोळी कोण बांधणार?"

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायची ती चौकट: नारळ, सुपारीचे घड, माट्टुळिंगं, कांगलां, रानातली मोसमी फळं-फुलं. भावांनी मिळून रानातून आणायची, ताज्या दोऱ्यांनी बांधायची. आणि हा घुमट, म्हणजे ते मातीचं वाद्य, वाजवतो. आरतीला घुमटावरचा हात बदलला की अख्ख्या वाड्याला कळतं.

पाच दिवस शून्य. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, रात्री एकपर्यंत आरत्या आणि फुगड्या. मी मनातल्या मनात शर्यत सोडून दिली होती. १२ तारखेला सकाळी त्याने नाडी कळवली: ५४. मेपासूनची सगळ्यात कमी. वजन सव्वा किलो वाढलेलं. त्या रविवारी, १५ तारखेला, तेच ९० किलोमीटर त्याने माझ्या अंदाजापेक्षा अकरा मिनिटं आधी संपवले आणि म्हणाला, पाय नवीन बसवल्यासारखे वाटतात. तक्त्यात दर चौथ्या आठवड्याला हलका आठवडा असतो, तो हा उत्साहाच्या भरात हलका करत नव्हता हे मला तेव्हा कळलं. चवथीने ते जबरदस्तीने करून घेतलं.

समुद्र आणि शर्यत

ऑक्टोबरात बावटे बदलल्यावर करंजाळेला तीनदा उतरलो, नेहमी गटाने आणि जीवरक्षकांना सांगून. पाणी गढूळ, हाताची बोटं दिसत नाहीत. तलावात तळाची काळी रेघ बघून सरळ जाणारा माणूस इथे गोल गोल फिरतो. पहिल्या दिवशी दोनशे मीटरवर त्याचा श्वास अडकला, उताणा झाला, परत आला. आमच्या समुद्राचं पाणी कोमट, त्यामुळे तरंगायला मदत करणारा वेटसूट शर्यतीत चालत नाही. जे काही आहे ते आपल्या हातापायांचं. तिसऱ्या खेपेला दर आठ हातांनी डोकं वर काढून समोरची खूण बघायची लय सापडली.

शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणला. मोकळ्या झालेल्या वेळात हा घरात घुटमळू लागला, तर वहिनीच म्हणाल्या, "याला कुठेतरी पाठवा."

शर्यतीचं फार लिहीत नाही. पोहणं ५२ मिनिटं, सायकल ३ तास ४१, धावणं २ तास ५८, कपडे-बूट बदलण्यात १४ मिनिटं. एकूण ७ तास ४५. धावण्याचा दुसरा भाग भर दुपारच्या उन्हात, बराचसा चालत. त्याच दिवशी त्याच मार्गावर खासदार तेजस्वी सूर्या ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंदांत पोहोचले, म्हणजे दार मिटायला अडीच मिनिटं असताना. वर्तमानपत्रांत ते आलं. आमच्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, पण मिरामारच्या रस्त्याकडेला मुलगा पाण्याची बाटली घेऊन उभा होता, आणि बाप जवळ आल्यावर त्याने बाटली द्यायच्या आधी विचारलं, "पप्पा, नरकासुराचा बांबू आज आणायचा की उद्या?"

दुसऱ्या दिवशी आणला. जिना उतरताना तो कठड्याला धरून उलटा उतरत होता म्हणे, पण सांगाडा बांधला, गवत भरलं. ३० च्या रात्री वाड्यावर नरकासुर उभा राहिला.

राहिलेलं

आता मी नवीन येणाऱ्याला पहिल्या महिन्यात दोन वह्या करायला सांगतो, दुसरी घरच्या माणसाने लिहायची. सगळ्यांना पटत नाही. एकाची बायको म्हणाली, मला आणखी एक काम कशाला? तिचंही बरोबर आहे. एकट्या राहणाऱ्यांना तर उपयोगच नाही.

सुपरवायझरने नोव्हेंबरात विचारलं, पूर्ण अंतर जमेल का: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं, सतरा तासांची मुदत. मी या वेळी तक्ता दिला नाही. भिंतीवरचा अंदाज काढला. पहिल्या पाळीचा आठवडा साधारण सतरा तास, दुसऱ्या पाळीचा बारा. हे दोन कागद मी वहिनींपुढे ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले, बुधवारची पेटीची वेळ मोकळी आहे का ते बोट फिरवून बघितलं, आणि विचारलं, "तिसरा कागद?"

तिसरा कागद रात्रपाळीचा. दिवसाची झोप तुटक, त्यात १८० किलोमीटरची तयारी. गेल्या खेपेला त्या आठवड्यात आम्ही दोनच हलके सराव ठेवले आणि निभावलं. तेवढ्यावर पूर्ण अंतर निघत नाही, आणि त्याहून जास्त घातलं तर पुन्हा बॅच रेकॉर्डवर आदल्या दिवसाची तारीख. पाळी बदलून मागायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं कॅलेंडर बिघडणार. तो कागद माझ्याकडे अजून कोराच आहे.